डावं होल्स्टर

सोंगं सगळी आणता येतात, पैशाचं सोडून.

टोपी मेव्हण्याची. बूट माझेच.
घागरा शाळेच्या नाटकातून उरलेला.
आणि खोटं नाव, जे इथे प्रत्येकाला लागतंच,
ते तर फुकट.
दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
माइल्स सिटीच्या पलीकडच्या माळावर
दातांचा डॉक्टर दरोडेखोर होतो,
बँकेतली कारकून बाई शेरीफ,
आणि लोखंडी पत्र्यांवर गोळ्या टणटणतात.

मी काउंटीची माणूस.
हिवाळ्यात बर्फ ढकलते, उन्हाळ्यात खड्डे बुजवते.
दोन जुनी रिव्हॉल्व्हरं हप्त्यांवर घेतली.
चामडं हप्त्यांवर मिळत नाही.

पहिलं पाहिलं ते नायलॉनचं. एकोणीस डॉलर.
नियमात बसत नाही, म्हणाला ऑर्विल टेसडाल.
बसलं असतं तरी
बंदूक उपसली की त्याचं तोंड मिटतं,
रुसलेल्या पोरासारखं.
मग ते उघडायला दुसरा हात लागतो
आणि दुसरा हात नळीसमोर आला
की तुला घरी पाठवणार मी, म्हणाला.

दुसरं देखणं. वेलबुट्टी, चांदीच्या टिकल्या,
आतून मऊ लव. तीनशे चाळीस.
हात लावला. परत ठेवलं.
लवेत वाळू अडकते गं, म्हणाला ऑर्विल,
खरंच अडकते की मला बरं वाटावं म्हणून,
कोण जाणे.

तिसरा जोड टपालानं आला, पट्ट्यासकट.
उघडताच रसायनाचा वास.
पंधरा दिवसांत पट्ट्यात खोचलेल्या
काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर.
आता त्यात पक्कड ठेवते.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मी डावखुरी.
डाव्यासाठी वीस टक्के जास्त,
सहा आठवडे जास्त,
आणि फोनवरच्या माणसाचा एक उसासा.

बर्निस क्वाल खोगिरं शिवते.
तिच्या पिकअपच्या पाठीशी, ताडपत्रीखाली
एक खोकं होतं. वर खडूनं लिहिलेलं: डावी.
कोणी मागवून न नेलेली,
कोणाची उजव्या सोबतीणीपासून तुटलेली,
बारा वर्षं डावललेली.
पंचावन्नला दोन, ती म्हणाली,
आणि खोकं रिकामं करशील तर चाळीसला सगळी.
मला दोनच हवी होती.

तिनं बोटानं तोंड दाबून दाखवलं:
हे मिटायला नको, कधीच.
ओकच्या सालीत कमावलेलं, नाकाला लाव.
लावलं. पावसात उभ्या कुंपणाचा वास.
एक डाव्या मांडीवर उभं,
दुसरं उजवीकडे, पोटाशी तिरकं,
दोन्ही याच हातासाठी.
एक दुकानाच्या काचेत उन्हानं विटलेलं,
एक काळपट. जोड म्हणवत नाही.
पट्टा तिनं जुन्या घोड्याच्या साजातून कापून दिला,
त्याचे पैसे घेतले नाहीत,
कारण विचारलं तर म्हणाली, घोडाही डावखुरा होता.

घरी नेऊन ओलं कर.
रिकामी बंदूक ब्रेडच्या पिशवीत गुंडाळ, आत घाल,
रात्रभर ठेव. चुलीजवळ नाही. नाही म्हणजे नाही.

मी फरशीवर ठेवलं, बर्फाच्या बुटांशेजारी.
दोनदा उठून पाहिलं.
सकाळी चामड्यानं सिलिंडरचा फुगवटा
आपल्या अंगावर घेतला होता.

शनिवारी माझा डाव आला तेव्हा सव्वीसजणांत
मी तेविसावी.
पण दहाही गोळ्या लागल्या, आणि दोन्ही वेळा
बंदूक न बघता परत आत गेली,
उशिरा घरी येणाऱ्या माणसाला
अंधारातही आपली खाट सापडावी तशी.

नंतर टेबलावर ऑर्विल बंदुका तपासत होता,
रिकाम्या आहेत का.
एक उचलली, थांबला, नळीवरून अंगठा फिरवला,
जिभेला लावला.

राय ब्रेड?

हो, म्हटलं. पिशवी नीट झटकली नव्हती.